प्रत्येक शाळेतली एक रिकामी खोली

कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी नळाकडे जाते. नळ गळत असला तर गप्पांत लक्ष लागत नाही. एकदा बेंगळूरच्या चामराजपेटेत मेव्हणीच्या घरी तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलीनं पोह्यांच्या बशा आणल्या, मुलाकडचे तिला तिच्या नोकरीबद्दल विचारत होते, आणि मोरीतून टपटप आवाज येत होता. मी उठलो, मोरीत गेलो आणि वायसर बदलून ओल्या हातांनी परत येऊन बसलो. वायसर माझ्या खिशात असतोच. लग्न जमलं, पण मेव्हणी अजून ती गोष्ट काढते, आणि ती काढते तेव्हा मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ही खोड धंद्याची आहे. आधी मी पंपांच्या एका कारखान्यात भांडार सांभाळत असे. तो बंद पडल्यावर एका स्वयंसेवी संस्थेत लागलो आणि आता तिथेच म्हातारा होत चाललो आहे. माझं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. सरकारी शाळांनी आहे त्या सामानात, पाण्यात, विजेत आणि जागेत जास्तीत जास्त भागवावं कसं, हे मी त्यांना शिकवतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की सरकारी शाळेला पैसाच मिळत नाही. तसं नाही. मिळतो, पण वर्ष संपत आल्यावर मिळतो आणि ज्याच्यासाठी आला त्याच्यावरच खर्चावा लागतो. खडूसाठी आलेला पैसा नळाला चालत नाही आणि नळाचा खडूला चालत नाही. त्यामुळे एखाद्या शाळेत खडूंचे खोके छताला टेकलेले असतात आणि मुलं पाणी प्यायला शेजारच्या देवळात जातात. अशा ठिकाणी माझ्यासारखा माणूस जातो. टाकी कधी भरावी, तांदळाची पोती फळ्यांवर कशी रचावी म्हणजे ओल लागत नाही, कुठल्या वर्गात उजेड पुरेसा असून दिवे जळतात, हे बघतो आणि सांगतो.

आता यातली शरमेची गोष्ट सांगतो. ज्या बाईंनी जन्मभर एका खडूचे तुकडे करून फळे भरले, त्यांना मी खडू वाचवण्याचं प्रशिक्षण देत असे. वातानुकूलित सभागृहात, दोन गोड पदार्थांच्या जेवणासकट. बाया शांतपणे ऐकत, वहीत लिहून घेत आणि जाताना उरलेली जिलबी रुमालात बांधून मुलांसाठी नेत. त्या रुमालाकडे बघताना मला नेहमी वाटायचं की काटकसरीचा आजचा एकमेव धडा इथे झाला, आणि तो मी दिलेला नाही.

तरी मी अगदीच निरुपयोगी नव्हतो, हेही नोंदवून ठेवतो. एका शाळेत मुलं जेवणाच्या ताटल्या धुवायची ते पाणी रस्त्यावर वाहायचं. मी चर खणून ते एका शेवग्याच्या झाडाला नेलं. झाड असं फोफावलं की सहा महिन्यांत रोजच्या सांबारात शेंगाच शेंगा. पुढच्या भेटीला गेलो तर दारातच चौथीतल्या एका मुलीनं मला अडवलं आणि हात जोडून म्हणाली, ‘सार्, नुग्गेकाई साकू.’ म्हणजे शेंगा पुरे झाल्या. ते माझ्या कारकिर्दीतलं खरं यश.

दुसऱ्या एका शाळेला कुणीतरी मोठा टीव्ही दिला होता. मुख्याध्यापकांनी तो खोक्यात तसाच ठेवला होता. दसऱ्याला खोक्यालाच हळदकुंकू आणि फुलं वाहायची, म्हणजे आयुधपूजेचंही भागलं. ‘उघडला तर वापरावा लागेल, वापरला तर बिघडेल, बिघडला तर जबाब मला द्यावा लागेल,’ ते म्हणाले. भांडारवाला म्हणून मला हे मनापासून पटलं, पण पगार उलटं सांगायचा मिळत होता. मी त्यांची समजूत घातली. टीव्ही भिंतीला लागला, बटण दाबलं, आणि सगळ्या शाळेची वीज गेली. स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला, बोअरची मोटर थांबली, जेवण लांबलं. टीव्हीसाठी खिडक्या लावून अंधार केलेल्या खोलीत मुख्याध्यापक म्हणाले, ‘बघा राव्रे, खोक्यात होता तेव्हा सगळं चालत होतं.’ आमच्या नावापुढे राव लागतो, त्यामुळे इथे सगळे मला राव्रे म्हणतात.

अशा बारीकसारीक कामांत मी सुखी होतो. मग मला एक मोठी गोष्ट सापडली आणि तिथून माझं बिघडलं.

आमचे संचालक म्हणजे पुण्याहून आलेला तन्मय. हुशार, मनमिळाऊ, माझ्या निम्म्या वयाचा. मला काका म्हणतो, ते मला अजून सवयीचं झालेलं नाही. त्याचं म्हणणं असं की नळ आणि शेंगा ठीक आहे, पण शाळेतली सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे खोली. ती बांधायला सर्वांत जास्त पैसा लागतो, आणि ती बंद राहिली तर तो सगळा वाया. ‘काका, रूम युटिलायझेशन कुणी बघितलंच नाहीये. तुम्ही करा ना सर्व्हे.’

मी केला. येलहंक्यापासून देवनहळ्ळीपर्यंतच्या शाळा घेतल्या. रीतीप्रमाणे आदल्या दिवशी फोन करून कळवायचं, सकाळी संस्थेच्या गाडीतून जायचं, दिवसभर बसून कुठल्या तासाला कुठली खोली भरलेली आहे ते टिपायचं. सगळीकडे स्वागत चांगलं व्हायचं. स्वच्छ झाडलेली एक खोली, टेबलावर फुलाफुलांचं कापड, एक हाताची खुर्ची, थर्मासमध्ये कॉफी. तिथे निवांत बसून मी टिपणं काढायचो. बहुतेक शाळांत लहान मुलं बाहेर झाडाखाली बसून गाणी म्हणत असायची. बेंगळूरची हवाच अशी की मला त्याचं कौतुक वाटलं. ‘मोकळ्या हवेत शिक्षण देण्याचा प्रघात स्तुत्य आहे,’ असं मी अहवालात लिहिलं. हे वाक्य मी विसरू शकत नाही, आणि मला ते विसरायचंही नाही.

अहवालाचा मुख्य निष्कर्ष मात्र वेगळा होता. जिथे जिथे गेलो तिथे, शाळा लहान असो की मोठी, एक खोली दिवसभर रिकामी होती. नेमकी एक. कुठे दोन नाहीत, कुठे शून्य नाही. मला वाटलं मी एखादा नियमच शोधून काढला. आयुष्यात प्रथमच आपलं डोकं चाललं असं वाटून मी घरी बायकोला, आमच्या मंजुळेला, म्हणालो, ‘प्रत्येक सरकारी शाळेत एक जादा खोली असते. हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.’

ती तांदूळ निवडत होती. ‘इतक्या लोकांच्या ध्यानात आलं नाही आणि तुमच्या आलं,’ ती म्हणाली, ‘म्हणजे स्वल्प परत एकदा बघून या.’ जरासं या अर्थाचा हा कन्नड शब्द तिच्या मराठीत कायमचा राहायला आला आहे.

मी गेलो नाही. तन्मय भलताच खूष झाला. त्यानं रंगीत आलेख काढले आणि आम्ही ते आमच्या भागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांसमोर मांडले. हे अधिकारी भले गृहस्थ. त्यांना खरी अडचण होती ती पाठ्यपुस्तकांची. शाळा सुरू होतात त्याच सुमाराला सगळ्या शाळांची पुस्तकं एकदम येतात आणि वाटली जाईपर्यंत ती कोरड्या जागी ठेवायला गोदाम भाड्यानं घ्यावं लागतं. आता आयत्या रिकाम्या खोल्या मिळाल्या. भाडं वाचणार होतं. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. ‘राव्रे, असं काम पाहिजे,’ ते म्हणाले. त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षा केली.

पुस्तकं ठेवायला त्यांनी आधी सुरेखा मॅडमची शाळा निवडली. येलहंक्याच्या पुढे, हमरस्त्याला लागून, समोर ट्रक वळवायला जागा.

सुरेखा मॅडम म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका. मूळच्या निपाणीच्या. शाळेत दिवसभर कन्नड, पण माझ्याशी कायम मराठीत बोलतात, कारण मराठी बोलायला त्यांना तिथे दुसरं कुणी नाही. त्यांचा फोन आला. ‘सर, हितं एक पत्र आलंया. तुमी जरा येऊन जावा.’ आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला घाम फुटला. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. बसमध्ये पास दाखवतानाही मला पकडल्यासारखं वाटतं.

संस्थेची गाडी न घेता बसनं गेलो. पुढच्या फाटकातून जायचं धैर्य झालं नाही, म्हणून मागून, स्वयंपाकघराच्या बाजूनं आत शिरलो. व्हरांड्यातून जाताना ती खोली लागली. माझी खोली, जिथे मी दिवसभर बसून टिपणं काढली होती ती. आत मुलं होती. पहिली ते तिसरीची, चटयांवर घोळके करून बसलेली. इकडे ही मुलं एकत्रच शिकतात, कार्डं घेऊन, गटागटानं. मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या फळ्यांच्या पट्ट्या भिंतीभर होत्या आणि डोक्यावर दोऱ्या बांधून अक्षरांची कार्डं लटकवलेली होती. मी दिवसभर इथे बसलो होतो आणि यातलं काही पाहिलं नव्हतं. फळ्यांच्या पट्ट्यांकडे पाठ केली होती, आणि दोऱ्या बहुधा माझ्या डोक्याला लागू नयेत म्हणून सोडून ठेवल्या असाव्यात.

सुरेखा मॅडम मागून आल्या.

‘ही मुलं रोज कुठे बसतात?’ मी विचारलं.

‘हितंच.’

‘मग रिकामी खोली कुठली?’

‘त्ये तुमी लिवलंय सर. तुमीच सांगा.’

मी वेड्यासारखा व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बघून आलो. सगळ्या खोल्यांत मुलं होती.

‘पण त्या दिवशी या खोलीत कुणीच नव्हतं,’ मी म्हणालो. ‘मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत...’

‘अवो सर,’ त्या म्हणाल्या, ‘त्या दिशी हितं तुमी हुता की.’

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायची हिंमत झाली नाही. एकेक शाळा डोळ्यांसमोरून गेली. एकेक झाडलेली खोली, एकेक फुलाफुलांचं कापड. सगळ्या शाळांत नेमकी एकच खोली रिकामी असणारच होती, कारण सगळ्या शाळांत मी एकटाच गेलो होतो. तन्मय बरोबर आला असता आणि वेगळा बसला असता तर नियम दोन खोल्यांचा झाला असता.

‘तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?’

‘काय बोलू? उठा, आमच्या पोरांची जागा हाय म्हणून? पाव्हण्याला कुठं बसवायचं मग, उनात?’ मग त्यांचा आवाज खाली आला. ‘बगा सर. खोलीत पुस्तकं भरली की ही ल्येकरं व्हरांड्यात येणार. रस्त्याची धूळ, पावसाची झड. आयबाप हे बगणार आणि समोरच्या इंग्लिश मीडियमला नाव घालणार. हप्त्यानं का हुईना, घालणार. पैली गेली की दुसरी जाती, दुसरी गेली की मास्तर काडून घेत्यात. पुस्तकं दोन म्हैनं ऱ्हातील. पण पोरं गेली ती गेली.’

घरी येऊन मंजुळेला सगळं सांगितलं. ती हसेल अशी आशा होती. ती हसली नाही.

‘मग उद्या जाऊन सांगा की साहेबांना.’

‘काय सांगू? सगळा अहवाल खोटा आहे म्हणून? तन्मय काय म्हणेल? माझं कंत्राट संपत आलंय. आणि मला इतकी लाज वाटतेय की...’

‘लाज वाटून घेण्यात तुमचा जन्म गेला,’ ती म्हणाली. ‘आता ती स्वल्प वापरात आणा.’

अधिकाऱ्यांनी मला बसवून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावरच्या समजूतदारपणाचं. त्यांना वाटत होतं की मॅडमनी मला गाठून फिरवलंय. कुठल्याही शाळेला आपली खोली द्यायची नसते, त्यांना असे लोक रोज भेटत होते. ‘राव्रे, तुम्ही स्वतः दिवसभर बसून पाहिलंत, लिहिलंत, आलेख काढलेत. आता नाही म्हणता. पुस्तकांच्या गाड्या निघायला आल्यात. मी कुठे ठेवू सांगा?’ शेवटी म्हणाले, ‘सरी, ठीक आहे. मी स्वतः येऊन बघतो. खोली भरलेली असेल तर विचार करू.’

मी लगेच मॅडमना फोन केला. ‘साहेब येणार आहेत. आता एकच करायचं. खोली रिकामी करायची नाही.’

‘बरं. मग साहेबांस्नी?’

‘उभं ठेवायचं.’



‘सर, आमच्या निपाणीकडं वसुलीला आलेल्या माणसालाबी आदी बसायला पाट देत्यात.’

‘मॅडम, पाट दिलात तर खोली गेली.’

‘खुर्चीबी न्हाई?’

‘खुर्ची नाही, कॉफी नाही, टेबलक्लॉथ तर नाहीच नाही.’

‘पाप लागंल मला,’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे. लागू दे.’

साहेब आले त्या दिवशी मी त्यांच्याच गाडीत होतो. मॅडम फाटकाशी उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. ते हात मोकळे सोडले असते तर त्यांनी आपोआप खुर्ची ओढली असती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. नमस्कार झाला. कुणी या बसा म्हटलं नाही. साहेबांना काहीतरी चुकतंय असं जाणवलं असावं, कारण ते एकदा इकडेतिकडे बघून स्वतःच व्हरांड्यात चढले. मी आणि मॅडम मागोमाग.

खोली भरलेली होती. दोऱ्यांवर कार्डं, चटयांवर घोळके, एका कोपऱ्यात गाणं चाललेलं. मी मनात म्हटलं, झालं, जिंकलो.

साहेब दारात उभे राहिले. मुलांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागे माझ्याकडे, माझ्या हातातल्या फायलीकडे. उठून एका सुरात ‘नमस्ते सार्’ म्हणाली. आणि मग, कुणी काही न सांगता, चटया गुंडाळायला लागली. मोठी मुलं धाकट्यांच्या पाट्या गोळा करत होती, कुणी बाकावर चढून दोऱ्या सोडत होतं. वर्गाच्या तरुण शिक्षिका ‘बसा, बसा, आज जायचं नाही’ म्हणत चटया धरायला धावल्या. एक चटई धरली की दुसरी दारातून बाहेर. सगळं फार शिस्तीत चाललं होतं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. एवढी सगळ्यांना ताकीद दिली होती, आणि मुलांना सांगायचंच राहून गेलं होतं.

बघता बघता खोली रिकामी झाली. माझ्या अहवालात होती तशी.

शेवटी एक लहानगी उरली. ती मुख्याध्यापिकांच्या खोलीतून हाताची खुर्ची ओढत आणत होती. फरशीवर कर्रकर्र आवाज येत होता. साहेब वाकले.

‘कुठे चाललात सगळे?’

‘झाडाखाली.’

‘रोज जाता?’

‘नाही. साहेब आले की.’ तिनं खुर्ची त्यांच्यासमोर सरळ केली.

‘सुई टोचणारे आले तरी पण,’ बाहेरून एका पोरानं दुरुस्ती केली.

साहेब खुर्चीकडे बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढून घेतली, कारण माझ्या चेहऱ्यावर काही दिवसांपूर्वी काय झालं असेल ते मला दिसत होतं. त्यांची नोकरी माझ्याहून मोठी. त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शाळांत बसून कॉफी घेतली होती.

‘राव्रे,’ ते हळूच म्हणाले, ‘आपण दोघे जरा बाहेर जाऊ या.’

आम्ही अंगणात जाऊन उन्हात उभे राहिलो. मुलं आम्हाला वळसा घालून चटयांसकट परत आत गेली. साहेब म्हणाले की पत्र रद्द करतो, आणि बाकीच्या शाळा मी पुन्हा बघाव्यात, न कळवता. ‘आणि गाडी नेऊ नका,’ ते म्हणाले.

पण सरकारी पत्र रद्द करणारं पत्र निघायला पहिल्या पत्राहून जास्त वेळ लागतो. दुसरं निघायच्या आत पुस्तकांचा ट्रक आला. मॅडमचा फोन आला तेव्हा त्या ओरडतच होत्या. ‘सर, गाडी आलीया! हमाल ताडपत्री सोडायला लागल्यात!’

पोचलो तेव्हा मॅडम खोलीच्या दारात चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे मुलं गाणं म्हणत होती, नेहमीपेक्षा मोठ्यानं. ड्रायव्हर बिचारा पत्र दाखवत होता. त्याचंही चूक नव्हतं. त्याला गाडी रिकामी करून पुन्हा माल आणायला जायचं होतं. ‘खोलीत नको तर अंगणात उतरवतो,’ तो म्हणाला. आभाळ भरून आलं होतं. सगळ्या भागाच्या मुलांची पुस्तकं त्या ट्रकमध्ये होती.

तेव्हा मला आमचं सभागृह आठवलं. संस्थेच्या कार्यालयाचं, येलहंक्यातलं. गालिचा, पडदे, प्रोजेक्टर, ओल लागण्याचा प्रश्नच नाही. मीच जिथे खडू वाचवायला शिकवत असे ते. महिन्यातून कितीदा वापरात असतं हे मला कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. तन्मय दिल्लीला गेला होता. विचारायला फोन काढला, आणि मग परत खिशात ठेवला. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि तो नाही म्हणाला की मी ऐकतो.

‘चला,’ मी ड्रायव्हरला म्हणालो, ‘मी जागा दाखवतो.’

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. सभागृह छतापर्यंत भरलं. तन्मय परत आला आणि दारातच थांबला, कारण आत शिरता येत नव्हतं. ‘काका, व्हॉट इज धिस? फ्रायडेला फंडर्स येतायत!’ फंडर्स, म्हणजे संस्थेला पैसा देणारे, आले. त्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून ते गठ्ठ्यांवर बसले, मुलांची पुस्तकं उघडून बघितली आणि फोटो काढून घेतले. फोटो इतके चांगले आले की तन्मयनं पुढच्या वर्षीच्या आमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तेच घातले. माझं कंत्राट वाढलं. त्यात माझ्या शहाणपणाचा काही भाग नाही.

उरलेल्या शाळा पुन्हा बघतो आहे. बसनं, न कळवता, उभ्यानं. काही ठिकाणी खोल्या खरंच रिकाम्या आहेत आणि ते लिहिताना माझा हात आता जड होतो. देवनहळ्ळीकडच्या एका शाळेत मात्र मी उशिरा पोचलो. माझ्या अहवालावरून खोलीत आधीच कुणाचं तरी सामान भरलेलं होतं आणि पहिलीची मुलं व्हरांड्यात होती. किती ते मी मोजलं, पण इथे लिहीत नाही. तिथले मुख्याध्यापक माझ्याशी अतिशय आदरानं वागले. मी त्या खोलीसाठी अजून खेपा घालतो आहे.

पण मला सांगायचं होतं ते ट्रक निघतानाचं. हमालांनी ताडपत्री परत बांधली, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, आणि मी त्याच्या शेजारी चढायला दांडा धरला. मॅडम धावत आल्या. घामानं भिजल्या होत्या, केस सुटले होते, पण चेहरा असा उजळला होता की त्या मला ओळखूच आल्या नाहीत.

‘सर, असं कसं जाताय? दोन मिंटं बसा की, कॉफी करायला सांगते.’

‘कुठे बसू?’ मी विचारलं.

त्यांनी वळून शाळेकडे बघितलं. पहिल्या खोलीत मुलं, दुसऱ्या खोलीत मुलं, त्या खोलीच्या दारात तर एकमेकांच्या काखेतून डोकी काढून ट्रक बघणारी मुलं.

‘मग जावा,’ त्या म्हणाल्या.